बाबू आज आला नाही का?

माझ्या ओळखपत्रावर 'सपोर्ट वर्कर' असं छापलंय, म्हणजे अपंग माणसांची मदतनीस. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मला कुणी टीचर म्हणतं, कुणी नर्सबाई. परवा गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात अळसांदे घेताना एका आजीने विचारलं, "त्या पोराला फिरवायला नेतेस ती तूच ना गे?" मी हो म्हटलं, पिशवी भरली, घरी आले. पण तो 'फिरवायला' शब्द काही डोक्यातून जाईना. कारण या कामाला लागून सात वर्षं झाली आणि त्यातली पहिली तीन मी खरोखरच तेवढंच करत होते.

एकदा आम्ही पाचजणांना व्हॅनमध्ये घालून मिरामारला नेलं होतं. सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट, गळ्यात दोरीला कार्ड. वाळूत बसलो, पाण्यात पाय भिजवले, फोटो काढले. आइस्क्रीमवाल्याने पाचही जणांचं "ह्याला कुठलं?" मला विचारलं आणि पाचही वेळा उत्तर मी दिलं. संध्याकाळी बाबूला घरी सोडलं तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे काकींनी, दारातच विचारलं, "मजा आली?" तो म्हणाला, "हो." "कोण कोण भेटलं?" बाबूने बराच विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम."

दिवसभर शेकडो माणसांत वावरून आला होता आणि भेटले कोण, तर जी त्याला घेऊन गेली होती ती मी.

बाबू हे त्याचं कागदावरचं नाव नाही. खरं नाव मी लिहिणार नाही. घरात त्याला बाबू म्हणतात आणि आमच्याकडे घराघरात एक बाबू असतो, म्हणून इथे तेच ठेवते. वय सत्तावीस. डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. बोलणं थोडं जड, सवय झाली की सगळं समजतं. अठरा वर्षांचा होईपर्यंत विशेष शाळेत जायचा. पिवळी बस दाराशी यायची, डबा असायचा, मित्र होते. मग शाळा संपली. बस यायची बंद झाली आणि बाबू ओटीवर बसू लागला. मी त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याला ओटीवर बसून पाच वर्षं झाली होती. अपंग मुलांसाठी शाळा हवी हे आता सगळ्यांना पटतं. शाळा सुटल्यावर पुढची चाळीस वर्षं त्यांनी कुणाबरोबर काढायची, हे विचारणारे अजून थोडे आहेत.

मिरामारच्या त्या दिवसानंतर मी बाबूबरोबर एक कागद भरला. ही आमच्या कामातली जुनी रीत आहे. मधोमध स्वतःचं नाव, भोवती गोल. अगदी जवळच्या गोलात काळजाची माणसं, पुढच्यात दोस्त, त्यापुढे ज्यांच्याबरोबर आपण काही करतो ती माणसं, आणि शेवटच्या गोलात पगार किंवा फी घेऊन आपल्या आयुष्यात येणारी. माझ्या स्वतःच्या कागदावर मधले दोन गोल भरून वाहत होते: भजनातल्या बायका, कॉलेजातली मैत्रीण, पाव घेऊन येणारा पदेर, शेजारची वहिनी. बाबूच्या कागदावर पहिल्या गोलात आई, बहीण आणि वारलेले बाबा. शेवटच्या गोलात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मी. मधले दोन्ही गोल कोरे होते. त्याने पेन्सिल धरून ठेवली होती आणि तो माझ्याकडे बघत होता, मी काही सांगेन म्हणून. माझ्याकडे सांगायला एकही नाव नव्हतं.

तेव्हापासून मी माझं काम वेगळं समजते. बाबूला माझी गोडी लागावी हे काम नाही. मला पगार मिळतो, म्हणजे मला त्याच्या दोस्तांच्या मोजणीत धरायचं नाही. मधले गोल भरायला हात लावायचा आणि तिथून निघायचं.

सुरुवात हॉटेलापासून केली. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, उंडो म्हणजे गोल पाव, आणि पातळभाजी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेआठ, तेच हॉटेल, तेच कोपऱ्यातलं टेबल. जागा बदलायची नाही, वेळ बदलायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. माणसांना माणूस वरचेवर दिसावा लागतो, त्याशिवाय ओळख कुठून होणार? रोज नवीन ठिकाणी नेलं की रोज नवीन माणसं टक लावून बघतात, एवढंच होतं.

पहिल्या दिवशी पात्रांवने, म्हणजे हॉटेलमालकाने, बाबूच्या डोक्यावरून मला विचारलं, "ह्याला काय देऊ?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा." त्यांनी विचारलं. आणि मग बाबू गप्प. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती आणि ती सगळ्यांत कठीण आहे. मनात आकडे मोजत होते. पाच. सात. मागे गिऱ्हाईक उभं राहिलं. नऊ. पात्रांवचा हात कपाळावर गेला. अकरा म्हणायला आणि बाबू बोलायला एक गाठ पडली: "पातळभाजी. दोन उंडे. मिरची नको." मिरची नको हे मलाही माहीत नव्हतं. इतके दिवस मी त्याच्या बशीत मिरची भजी ठेवत होते आणि तो ती निमूट बाजूला सारत होता.

त्या अकरा आकड्यांत मी बोलले असते तर पात्रांव पुढेही कायम माझ्याशीच बोलत राहिले असते. आपण मध्ये उभे राहिलो की लोक आपल्यालाच बघतात. म्हणून मी नेहमी अर्धं पाऊल मागे आणि थोडी बाजूला उभी राहते, समोरच्याची नजर आधी बाबूवर पडेल अशी. दीड महिन्यात पात्रांव लांबूनच हाक मारायला लागले, "बाबू, मिरची नको मरे?" आणि बाबू हसायचा. मधल्या गोलातलं पहिलं नाव ते.

सगळं असं सरळ झालं नाही. एक गोष्ट मला आजही लागते. बाबू एकटा नाक्यापर्यंत जायला लागला होता, घरापासून तीनशे पावलांवर. काकी खिडकीत उभ्या राहायच्या, मी त्यांच्या शेजारी. नाक्यावर चार पोरं बसायची. ती बाबूशी बोलायला लागली. काकींना आनंद, मलाही. तीन आठवड्यांनी कळलं की पोरं त्याच्याकडून थंडपेयाचे पैसे घ्यायची, कधी पन्नास, कधी शंभर, एकदा दोनशे. मी विचारलं तर बाबू म्हणाला, "पैसे दिले की हसतात." त्याला ठाऊक होतं. हसण्याची किंमत त्याने मान्य केली होती.

काकी म्हणाल्या, आता बस झालं, उद्यापासून ओटीवर. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. पण दार बंद केलं असतं तर चूक पोरांनी करायची आणि कैद बाबूने भोगायची, असं झालं असतं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं. बाबूच्या खिशात रोज तीस रुपये, ते स्वतःच्या चहाचे. कुणी मागितले तर म्हणायचं, "तू तुझे घे." हे वाक्य आम्ही ओटीवर पन्नास वेळा तरी म्हटलं असेल, मी पोरगा होऊन आणि तो बाबू होऊन, मग उलट. त्या चौघांतल्या एकाच्या आईला मी ओळखत होते. तिला मी काही सांगितलं नाही. पोरालाच गाठलं आणि बाबू काय म्हणाला तेवढं, शब्दाला शब्द, सांगितलं. त्याचा चेहरा पडला. तो मुलगा आजही बाबूला स्कूटरवरून हाक मारतो. बाकीचे तिघे नाका बदलून गेले. चारांतला एक खरा निघाला, हे तुमच्या-माझ्या आयुष्यातल्या हिशेबापेक्षा फार वेगळं नाही.

सगळ्यांना अशी मदत लागते असंही नाही. आठवड्यातून एक दिवस मी कदंबाच्या बसने पणजीला जाते, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी, असलेल्या एका ताईंकडे. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, वाचन अफाट, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात वर्षानुवर्षं जाणाऱ्या. हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांना माणसं जोडायला शिकवणारी मी कोण? त्यांचे दोस्त आहेत, वाद घालणारे, रात्री अकराला फोन करणारे. त्यांना अडवतात त्या पायऱ्या. मैत्रिणी ज्या कॅफेत जमतात तिथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या तीन पायऱ्यांपायी पूर्वी त्यांच्या कितीतरी भेटी हुकल्या. तिथे माझं काम म्हणजे उतरणीची फळी लावणं, चाकं वर घेणं, आणि मग दुसऱ्या टेबलावर जाऊन बसणं. पहिल्या दिवशी मी त्यांच्याच टेबलावर बसले होते. त्यांचं बोलणं संथ, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. मी भल्या हेतूने त्यांचं एक वाक्य पुरं केलं. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते मला म्हणायचं नव्हतं." सगळ्या मैत्रिणींसमोर. तेव्हापासून मी दुसऱ्या टेबलावर बसते आणि त्यांनी हात वर केला तरच उठते.

कायदा या सगळ्याच्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्याचं पाचवं कलम म्हणतं की अपंग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली, त्याच्या १९ व्या कलमात तर माझ्यासारख्या मदतनिसाचाही उल्लेख आहे, माणूस समाजात राहावा, एकटा पडू नये म्हणून. हे मला पाठ आहे. पण देवळाच्या पायरीवर एका गृहस्थांनी "त्याला घरीच ठेवा, त्याचंच भलं आहे" असं मला ऐकवलं तेव्हा मी कलम म्हणून दाखवलं नाही. मी त्यांना विचारलं, "आरतीच्या तालमीला माणूस कमी पडतो ना तुम्हाला?"

त्याचं असं झालं. बाबू घरी तिन्हीसांजेला पत्र्याच्या डब्यावर ताल धरायचा. काकींना त्याचं काही वाटत नव्हतं, लहानपणापासूनचं ते. मी मात्र एक दिवस कान देऊन ऐकलं. तो घुमटाचा ताल होता, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीचा. परप्रांतातल्या वाचकांसाठी सांगते: घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. रुंद तोंडावर चामडं ताणलेलं, अरुंद तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते उघडं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी घोरपडीचं चामडं लावायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चवथीत आमच्या वाड्यावरचं आरतीपथक घरोघर जातं: घुमट, शामेळ नावाचं तालवाद्य, कांसाळें म्हणजे झांजा. श्रावण लागला की देवळात तालीम सुरू.

पहिल्या दिवशी बाबूच्या मांडीवर घुमट ठेवलं. ताल चांगला होता. पण सगळे थांबले तरी तो थांबेना. डोळे मिटून वाजवतच राहिला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. दुसऱ्या दिवशी बाबू घरातून निघेना. मी जोर केला नाही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून चप्पल घालून उभा राहिला, आम्ही गेलो आणि नुसते बसून राहिलो. असे आठ-दहा दिवस गेले. पथकाचे म्होरके आबा, पासष्टीचे, फारसं न बोलणारे. त्यांनी एकदा त्याला कांसाळें देऊन बघितली. तेही जमलं नाही.

मग एके संध्याकाळी झिमझिम पाऊस होता. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं आणि घुमट टणटणायच्या ऐवजी भदभदतं. सगळे कंटाळून गप्पा मारत बसले होते. देवळामागच्या पडवीत चहाची चूल पेटलेली. बाबू उठला, एक घुमट छातीशी धरलं आणि चुलीकडे गेला. मी ताडकन उठले. आग, मातीचं भांडं, दुसऱ्याची वस्तू, आणि त्यात बाबू. माझा हात त्याच्या दंडापर्यंत पोचला होता तेव्हा मागून आबांचा आवाज आला, "राहू दे त्याला."

बाबू चुलीपासून हातभर अंतरावर उकिडवा बसला. घुमटाचं चामड्याचं तोंड आगीकडे केलं आणि सावकाश फिरवायला लागला, भाकरी शेकावी तसं. मध्येच तळवा चामड्यावर ठेवायचा, काढायचा. मग एका बोटाने टिचकी. कान जवळ नेऊन ऐकायचा. भद्द. पुन्हा आगीकडे. पुन्हा टिचकी. तीन-चार वेळा असं केल्यावर चामडं बोललं, स्वच्छ, टण्ण. त्याने ते आबांच्या हातात नेऊन दिलं. आबांनी वाजवून बघितलं आणि आणखी एक त्याच्यापुढे केलं. त्या संध्याकाळी बाबूने सहा घुमटं शेकली. आच जास्त झाली तर चामडं तडकतं. एकही तडकलं नाही. नंतर काकींकडून कळलं, बाबूचे बाबा पथकात वाजवायचे आणि चवथीच्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी हेच करायचे. बाबू तेव्हा सात-आठ वर्षांचा, शेजारी बसलेला असायचा. हे मला काकींना आधी विचारायला हवं होतं. त्याला काय येत नाही याचे अहवाल माझ्या फायलीत सतरा होते, त्याला काय येतं ते एकाही कागदावर नव्हतं.

तेव्हापासून घुमटं शेकायचं काम बाबूचं. आणि मी मागे सरकायला लागले. पहिला आठवडा त्याच्या शेजारी. मग पडवीच्या दारात. मग देवळाच्या पायरीवर. मग पिंपळाखाली, आत दिसणार नाही अशी. मग फक्त सोडायला आणि आणायला. मग आणायला नुसती. आणि मग तो पथकातल्या कुणाबरोबर तरी घरी परतायला लागला. पायरीवर बसले होते त्या दिवसांत आतून हसण्याचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा, त्याला हसतायत की त्याच्याबरोबर हसतायत? उठून बघायचा मोह प्रत्येक वेळी झाला. दोनदा मी उठलेही. दोन्ही वेळा बाबूही हसत होता.

त्या वर्षी चवथीच्या चार दिवस आधी बाबूला ताप आला. मी पणजीहून परतीच्या बसमध्ये होते. सात वाजता फोन वाजला. आबांनी मला त्याआधी कधी फोन केला नव्हता. नंबर कुणाकडून तरी मिळवला होता. नमस्कार नाही, चौकशी नाही, एकच प्रश्न, कोकणीतून, "आयज बाबू येवंक ना?" बाबू आज आला नाही का? घुमटं सगळी भदभदतायत म्हणाले. मी ताप सांगितला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. बस माशेलच्या पुढे आली होती, बाहेर काळोख. मी खिडकीकडे तोंड करून रडले. कुणी बाबूची दया केली म्हणून नव्हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे आलेल्या माणसाची वाट कुणीतरी बघत होतं, त्याच्यावाचून कुणाचंतरी अडलं होतं. दुसऱ्या दिवशी पथकातले दोघे पेजेबरोबर खायला लोणचं घेऊन त्याच्या घरी गेले. मला हे काकींनी नंतर सांगितलं.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा मी बाबूला नेलं होतं. देशभरातून आलेली अपंग माणसं, सांकेतिक भाषेत चाललेली भाषणं, चाकाच्या खुर्च्यांची अशी गर्दी की चालणाऱ्यांनी बाजूला व्हावं. बाबू तिथे मनापासून नाचला. असे दिवस हवेतच, आपण एकटे नाही हे तिथे डोळ्यांना दिसतं. पण पर्पल फेस्ट संपतो आणि वाडा वर्षभर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांत एक एकाकी आहे. त्यांतल्या ज्यांना मी ओळखते त्यांचं एकटेपण घरापासून तीनशे पावलांच्या आत मिटण्यासारखं आहे. त्यासाठी कुणीतरी पर्समध्ये मान घालून अकरा आकडे मोजायची तयारी हवी, आणि समोरच्याला बाबूकडे बघायची सवय लागेपर्यंत तिथे दर शुक्रवारी जायची.

यंदाची तालीम सुरू झालीय. पथकाला दोन नवी घुमटं हवीत. आबा येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघायला जाणार आहेत आणि टिचकी मारून आवाज निवडायला बाबूला बरोबर नेणार आहेत, स्कूटरवरून. मला हे बाबूने सांगितलं, जाता जाता, परवानगी न मागता. शुक्रवारी आमचं हॉटेल असतं, तर त्याने पात्रांवना परस्पर कळवूनही टाकलं होतं की या शुक्रवारी येणार नाही. काकींचा जीव टांगणीला लागलाय. रस्ता कसा, पाऊस कसा, आबांचे डोळे कसे. काल संध्याकाळी गेले तेव्हा त्या ओटीवर बसून एक हेल्मेट ओल्या फडक्याने पुसत होत्या. शेजारच्या मुलाचं मागून आणलं होतं. पट्टा बाबूच्या हनुवटीला घट्ट होत होता, म्हणून दोन घरं सोडून राहणाऱ्या शिंप्याकडे तो वाढवायला द्यायचा होता. बाबू म्हणाला, "मी जातो." आणि हेल्मेट डोक्यावर घालूनच गेला.